दहा सूचक, पंधरा मतदारसंघ आणि एक कपाट

आमचा पक्ष तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही, आणि नाव मी मुद्दाम देत नाहीये कारण दिलं की लगेच प्रचार वाटतो. सातारा-सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात कालव्याच्या पाण्यासाठी आंदोलन झालं त्यातून तो निघाला, तीन-चार तालुक्यांत थोडीफार ओळख, बाकी महाराष्ट्रात कुणी कुत्रं विचारत नाही. मी त्याची सरचिटणीस. पद ऐकायला मोठं आहे, काम सगळं कागदांचं, कारण माझं तहसील कचेरीसमोर डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे आणि अण्णा (आमचे अध्यक्ष, रिटायर्ड प्राथमिक शिक्षक) म्हणाले, ताई तुम्हाला फॉर्म कळतात, तुम्हीच बघा. २०२४ च्या विधानसभेला आमचे उमेदवार मशीनवर आले. पडले, सगळ्यांची डिपॉझिटं गेली, ते ठीक आहे, लोकांनी दिलेला निकाल आहे. मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं, मशीनवर नाव येईपर्यंत काय काय करावं लागतं ते, कारण ज्यांना हे माहीत असतं ते मोठ्या पक्षात असतात आणि त्यांना ते सांगायची गरज वाटत नाही.

नोंदणीचा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो. तो अवघड नाही, लांबलचक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम २९ अ. पक्ष स्थापन केल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अर्ज दिल्लीला निवडणूक आयोगाकडे गेला पाहिजे, सोबत १०,००० रुपयांचा डीडी, पक्षाची घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि निदान १०० सदस्यांची वेगवेगळी प्रतिज्ञापत्रं. घटनेत काही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहाव्याच लागतात, संविधानावर निष्ठा, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा, देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता. समाजवादावरून आमच्या मीटिंगमध्ये बराच वेळ गेला, कारण आमचे एक काका पक्के बाजारवाले, शेतमालावरची सगळी बंधनं उठवा म्हणणारे, ते म्हणाले मी हे कसं लिहून देऊ. अण्णा म्हणाले, कायद्यात आहे म्हणून लिहायचं, पटत नसेल तर निवडून येऊन कायदा बदलायचा, पण निवडून यायला आधी हे लिहावं लागतंय. काकांनी सही केली, पुटपुटत.

नावाचं वेगळंच. आधीच्या पक्षाशी साधर्म्य असलेलं नाव चालत नाही, आणि देशात तेव्हा अडीच हजारांच्या वर नोंदणीकृत पक्ष होते. शेतकरी, जनता, लोक, विकास, स्वराज्य, बहुजन, क्रांती, हे शब्द घेऊन जेवढी म्हणून नावं जुळवता येतील तेवढी लोकांनी आधीच जुळवून ठेवलीत. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी आयोगाची यादी उघडून बसायचे आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरं नावं टाकायची, मी एकेक खोडायचे.

पण खरी गोष्ट सुरू झाली ती १०० प्रतिज्ञापत्रांपासून. मजकूर साधा, की मी नोंदलेला मतदार आहे आणि दुसऱ्या कुठल्याही नोंदणीकृत पक्षाचा सदस्य नाही. आंदोलनाला हजारात माणसं यायची, तर १०० सह्या म्हणजे एका दुपारचं काम असं सगळ्यांना वाटत होतं. नोटरीसमोर उभं राहायची वेळ आली आणि एकेक जण गळायला लागला. एकाला खरंच प्रामाणिक शंका, मागे एका पक्षाला मिस्ड कॉल दिला होता, त्याचा मेसेज पण आला होता अभिनंदन म्हणून, आता मी त्यांचा मेंबर धरायचा का? एकाचा भाऊ सोसायटीचा चेअरमन. एक जण म्हणाला वहिनी, मत तुम्हालाच, घरातली पाचही मतं तुम्हालाच, पण कागदावर माझं नाव नको. हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की कुणी "मत तुम्हालाच" म्हणालं की पुढचा "पण" मला आधीच ऐकू यायचा.

आणि यात माणसांना भित्रं म्हणण्यात अर्थ नाही. मत गुप्त ठेवायची सोय कायद्याने केलीय, पडद्याआड जाऊन बटण दाबायचं, कुणाला कळायचं कारण नाही. छोट्या पक्षाला मात्र त्या पडद्यापर्यंत पोचायच्या आधी आपली माणसं उघड्यावर उभी करावी लागतात, नाव, पत्ता, मतदार यादीतला नंबर, सही. मोठ्या पक्षाच्या समर्थकाला अशी सही करायची वेळ शक्यतो येत नाही आणि आली तरी ती करून त्याचं काही बिघडत नाही. आमच्या माणसाचं बिघडू शकतं.

असो. झाली १०० प्रतिज्ञापत्रं, सोबत प्रत्येकाच्या मतदार यादीतल्या नोंदीचा उतारा. मग आयोगाच्या सांगण्याप्रमाणे दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत दोन-दोन दिवस जाहीर नोटीस, कुणाची हरकत असेल तर ३० दिवसांत कळवा म्हणून. या जाहिरातींचा खर्च डीडीपेक्षा कितीतरी जास्त आला, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. हरकत कुणाचीच आली नाही. अण्णांना त्याचं थोडं वाईटच वाटलं, म्हणाले, हरकत घेण्याइतकं पण कुणाला वाटलं नाही. मग त्रुटींची पत्रं, त्यांची उत्तरं, ऑनलाईन स्टेटस बघणं, हे सगळं होऊन नोंदणीचं पत्र आलं तेव्हा स्थापनेला वर्ष उलटून गेलं होतं. सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवले आणि तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारलं, मग आपली निशाणी काय?

निशाणी नाही. नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी, हे मी त्या दिवसापासून आजपर्यंत सांगतेय. मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह राखीव असतं. राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळवायची तर साधारण विधानसभेला वैध मतांपैकी ६ टक्के मतं आणि २ आमदार, किंवा ८ टक्के मतं, असे निकष आहेत, आणखीही एक-दोन वाटा आहेत पण सगळ्या आमच्यापासून सारख्याच लांब. म्हणजे चिन्ह टिकायला मतं पाहिजेत आणि मतं पडायला चिन्ह पाहिजे. त्यात मधली सोय म्हणून १९६८ च्या चिन्ह आदेशात परिच्छेद १० ब आहे, त्यात आमच्यासारख्या नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला एका निवडणुकीपुरतं सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह मिळू शकतं. अट अशी की विधानसभेला एकूण जागांच्या निदान ५ टक्के जागा लढवायच्या. महाराष्ट्रात २८८ जागा, ५ टक्के म्हणजे १४.४, आता अपूर्णांकाचा उमेदवार तर उभा करता येत नाही, म्हणून १५.

आमची खरी ताकद दोन मतदारसंघांत. फार तर तीन. पण दोनच लढवायचे तर एका उमेदवाराला एक निशाणी आणि शेजारच्याला दुसरी, आणि ती पण माघारीची मुदत संपल्यावर मिळणार. गेल्या वेळी माघार ४ नोव्हेंबरला होती, मतदान २० ला, प्रचार १८ च्या संध्याकाळी बंद. म्हणजे निशाणी हातात आल्यापासून दोन आठवडे, त्यात पत्रकं छापायची, डमी मतपत्रिका छापायची, वाडीवस्तीवरच्या आजीला सांगायचं की बाई हे चित्र. मोठ्या पक्षांची निशाणी लोकांच्या डोक्यात तीस-चाळीस वर्षं छापलेली असते. म्हणून आम्ही ठरवलं, १५ तर १५, करू. पक्षाला दोन मतदारसंघांची भूक आणि पंधरा पानांचं ताट, अशी गत झाली.

१० ब चा अर्ज विधानसभेची मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून घेतात, मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती म्हणजे मेच्या शेवटापासून. त्यात मुक्त चिन्हांच्या यादीतली दहा चिन्हं पसंतीक्रमाने द्यायची. हवं तर स्वतःची तीन नवीन चित्रं पण सुचवता येतात, पण पशू-पक्षी नको, धार्मिक काही नको, आधीच्या चिन्हासारखं दिसणारं नको. आधी येईल त्याला आधी. तमिळनाडूत नाम तमिळर कच्चीचं ऊस-शेतकऱ्याचं चिन्ह २०२४ च्या लोकसभेला असंच गेलं, दुसऱ्या एका पक्षाने आधी अर्ज केला आणि यांना माईक घ्यावा लागला. आपल्याकडे वंचित बहुजन आघाडी बघा, २०१९ ला लोकसभेला कपबशी, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४ च्या लोकसभेला प्रेशर कुकर. लाखांनी मतं घेणाऱ्या पक्षाची ही कथा, तर आम्ही कोण.

आम्हाला बादली पाहिजे होती. पाण्याचं आंदोलन, बादली, सगळं जुळत होतं, पोरांनी तर घोषणा पण तयार केलेल्या. बादली दुसऱ्या पक्षाला गेली. आम्हाला यादीत बऱ्याच खाली टाकलेलं कपाट मिळालं. कपाटावर घोषणा करून दाखवा कुणीतरी. आणि मुक्त चिन्हांच्या यादीत फ्रीज पण आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, काळ्या-पांढऱ्या रेघांत काढलेलं कपाट आणि फ्रीज यांत किती फरक असतो ते पुढे आमच्या मतदारसंघात एका अपक्षाने फ्रीज घेतल्यावर सगळ्यांना कळलं. २०२४ च्या लोकसभेला तुतारीवाला माणूस आणि नुसती तुतारी यावरून झालेला गोंधळ राज्याने बघितला, तो मोठ्या पक्षाचा होता म्हणून बातम्या झाल्या. कपाट आणि फ्रीजची बातमी कोण करणार.

आणखी एक गंमत, हे चिन्ह आमचं असतं ते फक्त आमचा उमेदवार असलेल्या मतदारसंघांत. जिथे आमचं कुणी नाही तिथे ते पुन्हा मोकळं, कुणीही मागावं. शेजारच्या एका मतदारसंघात कुठल्यातरी अपक्षाने कपाट घेतलं आणि आमच्या कार्यकर्त्यांना तिथल्या पाहुण्यांचे फोन, अरे तुमचा माणूस आमच्याकडे पण उभा आहे, सांगितलं नाहीस.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, २२ ला अधिसूचना, २९ शेवटचा दिवस, अर्ज घ्यायची वेळ ११ ते ३. मधला शनिवार-रविवार सुट्टीत गेला. आणि २९ ला धनत्रयोदशी. ज्यांच्याकडे पगारी माणसं आहेत त्यांना फरक पडत नाही, आमची माणसं म्हणजे घरात फराळाचं चाललेलं असताना पिशवी घेऊन तहसीलला येणारी.

उमेदवारी अर्ज म्हणजे नमुना २ ब, विधानसभेचा. त्यात भाग १ मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारासाठी, सूचक (म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) एक. भाग २ बाकीच्यांसाठी, सूचक दहा, दहा ओळींचा तक्ताच छापलेला असतो. दहाच्या दहा त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत. दहा ऐकायला काहीच नाही. पण पंधरा मतदारसंघांत दहा म्हणजे दीडशे, आणि ज्याला हा प्रकार कळतो तो एका सेटवर थांबत नाही. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात, डिपॉझिट एकदाच, म्हणून आम्ही ठरवलेलं की प्रत्येकाचे दोन सेट, दुसऱ्या सेटवर वेगळे दहा. हा सल्ला मला एका जुन्या वकिलांनी दुकानात झेरॉक्स काढता काढता फुकट दिला होता आणि तोच सगळ्यात कामाला आला.

आता सूचक शोधायचे. पहिला घोळ, आमचा तालुका एक पण मतदारसंघ दोन. मतदारसंघांची नवीन आखणी २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाली तेव्हापासून असं आहे, महसूल मंडळाप्रमाणे गावं वाटलीत. बाजाराला येणारी, आंदोलनात पुढे असणारी आमची निम्मी माणसं पलीकडच्या मतदारसंघातली. दुसरा घोळ, यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. लोकसभेच्या वेळची चिठ्ठी घेऊन लोक यायचे आणि विधानसभेच्या यादीत ते वेगळ्याच ठिकाणी, कारण मध्ये मतदान केंद्रं बदललेली. कायदा म्हणतो की अशा कारकुनी चुकीवरून अर्ज बाद करायचा नाही, अधिकाऱ्याने दुरुस्त करू द्यायची, पण शेवटच्या तासाला मागे रांग लागलेली असताना तुम्ही कायदा सांगत बसणार का? त्यापेक्षा रात्री जागून नंबर तपासलेले बरे, आणि आम्ही ते केलं.

तिसरा आणि खरा, तो "पण". आलेल्या अर्जांची नोटीस रोजच्या रोज बोर्डावर लागते आणि त्यात सूचकांची नावं असतात. बोर्डासमोर दोन्ही-तिन्ही मोठ्या गटांची पोरं मोबाईल घेऊन उभी, फोटो काढतात, संध्याकाळपर्यंत फोटो गावात. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे गाळपाचा हंगाम तोंडावर. ऊस शेतात उभा आहे, तोड कधी द्यायची ते कारखान्याच्या हातात, कारखाना कुणाच्या हातात ते सगळ्यांना माहीत. तोड महिनाभर लांबली तर वजन घटतं, पुढचं पीक अडतं. कुणी धमकी द्यावी लागत नाही हो, कुणी काही बोलतच नाही, माणूस स्वतःच हिशेब करतो. एकाची सून अंगणवाडीत मदतनीस, एकाचं दूध डेअरीला जातं. आमच्या पहिल्या सेटवर शेवटी जे दहा आले ते बघितलं तर बहुतेक असे की ज्यांचा ऊसच नाही. दोन एसटीतले रिटायर्ड, एक शिंपी, तीन बायका ज्यांच्या नवऱ्यांना त्यांनी विचारलं नव्हतं, एक गवंडी. कोरडवाहूवाले तर आमचा हक्काचा मतदार, त्यांच्यापाशी गमवायलाच काही नव्हतं. बागायतीवाला एक आला, एकच, त्याचं नाव मी इथे लिहिलं असतं पण त्याचा ऊस आहे.

दुसऱ्या जिल्ह्यांतल्या जागांचं तर आणखी वेगळं. तिथे आमचा पक्ष म्हणजे अण्णांची ओळख आणि एखादा उत्साही माणूस. १५ भरायचेत म्हणून आम्ही मराठवाड्यात, एक तर थेट विदर्भात, असे उमेदवार घेतले, आणि खालीवर झालं तर म्हणून दोन-तीन जास्तीचे. त्यातला एक फोनवर पहिलाच प्रश्न विचारायचा, पक्षाकडून फंड किती येणार? डिपॉझिट खुल्या गटाला १०,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००, ते पण आम्ही वर्गणी काढून भरतोय हे त्याला पटेचना. तो नंतर फोन उचलेनासा झाला.

मग नमुना २६, म्हणजे शपथपत्र. स्वतःची, बायकोची, अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांचं उत्पन्न, खटले, शिक्षण. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. आंदोलनातल्या माणसांवर गुन्हे असतातच, रास्ता रोकोचे, जमावबंदीचे, त्यांचे नंबर पोलीस ठाण्यातून आणायचे आणि वर ते पेपरात, टीव्हीवर तीनदा जाहीर पण करायचे. सामाईक सातबाऱ्यातला हिस्सा आणि त्याची बाजारभावाने किंमत काढताना आमचा एक उमेदवार रडकुंडीला आला. दुसऱ्याच्या सोसायटीच्या कर्जाचा आकडा त्याच्या बायकोने पहिल्यांदा माझ्या दुकानात स्क्रीनवर वाचला, तिथे मी प्रिंट काढायच्या निमित्ताने आत निघून गेले. खर्चासाठी वेगळं बँक खातं, अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं. फोटो २ बाय अडीच सेंटीमीटर, तीन महिन्यांच्या आतला, टोपी नको. टोपी नको हे आमच्या एका उमेदवाराला शेवटपर्यंत पटलं नाही, बिनटोपीचं मला गावात कोण ओळखणार म्हणाला, आणि त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता.

आणि ए-बी फॉर्म, म्हणजे हा उमेदवार आमचाच असं पक्षाने सही करून द्यायचे कागद. मोठ्या पक्षांच्या एबी फॉर्मच्या बातम्या येतात, पळवले, फाडले वगैरे, आमचेही तेच फॉर्म असतात. शाईने केलेली मूळ सही पाहिजे, शिक्का नको, झेरॉक्स नको, फॅक्स नको, व्हॉट्सॲपचा तर प्रश्नच नाही. शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत त्या त्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर. अण्णा एका बैठकीत सगळे फॉर्म सही करून मोकळे झाले, प्रश्न ते पोचवायचा. दिवाळीत कुरियरचा भरवसा नाही. जवळच्या जिल्ह्यांत पोरं मोटारसायकलवर गेली. विदर्भातलं पाकीट रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिलं, वर त्याला पैसे, नंबर, सगळं. दिवाळीच्या गर्दीत गाडी रखडली, पाकीट पोचलं तेव्हा ३ वाजून गेले होते. उमेदवाराचे दहा सूचक पूर्ण होते म्हणून अर्ज बाद झाला नाही, पण तो आमचा राहिला नाही, अपक्ष धरला गेला. मग त्याने अपक्ष म्हणून कपाट मागितलं आणि दुसऱ्या कुणाला ते नको होतं म्हणून त्याला मिळालं पण. म्हणजे पक्ष आमचा नाही, निशाणी आमची, असा तो लढला. एवढ्या गोंधळात हा प्रकार मला सगळ्यात आवडला.

३० ला छाननी. आमच्या घरच्या मतदारसंघात पहिल्या सेटवरच्या एका सूचकाने छाननीच्या सकाळी लिहून दिलं की ही सही माझी नाही. सही त्याचीच होती, माझ्या दुकानात, माझ्या पेनाने केलेली. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने बघितलं नाही, त्याच्यासोबत कोण आलं होतं ते सांगत नाही. दहातला एक गेला की नऊ, नऊ म्हणजे बाद. पहिला सेट गेला. दुसरा सेट वेगळ्या दहा जणांचा होता म्हणून उमेदवार राहिला. याच वर्षी लोकसभेला सुरतेत एका मोठ्या राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांनी सह्या नाकारल्यावर बाद झाला आणि तिथे मतदानच झालं नाही. त्यांना तर एकेका अर्जाला एकच सूचक लागतो. आमच्याकडे फुटायला दहा जागा.

४ तारखेला दोन जणांनी माघार घेतली, एकाने सांगून, एकाने न सांगता. जास्तीचे घेतले होते म्हणून आकडा पंधराच्या खाली गेला नाही. संध्याकाळी अंतिम यादी लागली. मशीनवरचा क्रम पण सांगून ठेवते, आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्ष, मग आमच्यासारखे नोंदणीकृत, मग अपक्ष, प्रत्येक गटात मराठी वर्णानुक्रमे. एका बॅलट युनिटवर १६ बटणं, त्यातलं एक नोटाचं. उमेदवार १५ च्या वर गेले की दुसरं युनिट जोडतात. आमचा माणूस पहिल्याच युनिटवर आला, फ्रीजवाला दुसऱ्यावर, एवढं एक बरं झालं.

पुढचं पटकन सांगते. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं लागतात, ती मिळाली नाहीत. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा हिशेब द्यायचा, पडलेल्याने पण, नाहीतर तीन वर्षं अपात्र होऊ शकतो. फंड विचारणाऱ्यासारख्या माणसांकडून हिशेबाच्या वह्या मिळवणं म्हणजे काय ते मी लिहीत नाही. पक्षाचा खर्चाचा तक्ता ७५ दिवसांत वेगळा, दरवर्षीचं ऑडिट वेगळं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने ३३४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. २०१९ पासून सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही हे मुख्य कारण. त्यातले कितीतरी नुसते पत्त्यावरचे पक्ष असणार, पक्षांना इन्कम टॅक्समध्ये सवलत असते, तिचा गैरवापर होतो, त्यामुळे साफसफाईला माझा विरोध नाही. डिपॉझिटला पण नाही, शपथपत्राला तर अजिबात नाही. एकेक नियम सुटा घेतला तर त्याचं कारण मी स्वतः तुम्हाला पटवून देईन. सूचकांचा मात्र वेगळा विचार व्हावा असं मला वाटतं. दहाच्या जागी पन्नास करा, पण महिनाभर आधी घ्या आणि नावं बोर्डावर टांगू नका. वकील म्हणतात नावं लावली नाहीत तर कुणी हरकत कशी घेणार. ते पण बरोबर आहे. अधिकाऱ्याने आपल्यापाशी तपासावं, हरकत आली तर दाखवावं, असं काहीतरी निघेल की.

आता झेडपीसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी, तो वेगळा आयोग आहे हे निम्म्या लोकांना अजून माहीत नाही, त्याची फाईल दुकानात दुसऱ्या खणात आहे. आणि पुढच्या विधानसभेच्या सूचकांची यादी मी आत्ताच करायला घेतलीय, यावेळी तीन सेट. जुन्या वीस जणांतल्या काहींनी नको म्हटलं, शिंपी वारले, त्या तिघी जणी आहेत. परवा एका बागायतदाराचा स्वतःहून फोन आला, ताई या वेळी माझं नाव घाला, होऊ दे काय व्हायचं ते. मी खूश, लगेच भाग क्रमांक विचारला, यादी उघडली. पलीकडच्या मतदारसंघातला निघाला.